साताऱ्यातलं पाट्यांचं दुकान: ‘एक की अनेक?’ विचारल्याशिवाय अक्षर कापत नाहीत

पाचपैकी चार तारे. पाचवा का राखून ठेवला ते खाली सविस्तर येतंच.

पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत पाट्या, फ्लेक्स, नेमप्लेट, लेटरहेड, बिलबुकं, रबरी शिक्के करून देणारी दुकानं कमी नाहीत. कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर सगळ्यांकडे असतं, विनाइल कापायचा प्लॉटर बहुतेकांकडे असतो. मराठी मजकुराला गिऱ्हाईकच चार वेळा डोळ्यांखालून घालतं, त्यामुळे तिथे चूक फारशी टिकत नाही. इंग्रजी पाटीवर मात्र एक खूण हमखास घात करते, ती म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी, अक्षरांच्या डोक्याशी बसणारा स्वल्पविराम. आम्ही इंग्रजी शिकवतो आणि छपाईची प्रुफं, म्हणजे छापण्याआधीचे नमुने, तपासतो, म्हणून हा रिव्ह्यू फक्त त्या एका गोष्टीपुरता आहे. एलईडी किती वर्षं टिकतो, फ्लेक्सचा रंग कधी उडतो, यासाठी बाकीचे रिव्ह्यू पाहा.

वाचण्याआधी एक सोय समजून घ्या. इंग्रजी उदाहरणं इथे देवनागरीत दिली आहेत. ‘बॉय’स’ असं लिहिलं तर खूण आधी आणि एस नंतर. ‘बॉयस’’ असं लिहिलं तर एस आधी आणि खूण सर्वांत शेवटी. उच्चार स की झ हे इथे बाजूला ठेवा, खुणेची जागा तेवढी पाहा.

या दुकानाच्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर मॅटर लिहायच्या जागेखाली दोन जादा रकाने आहेत. पहिला: ‘मराठीत काय म्हणाल?’ दुसरा: ‘एक की अनेक?’ काउंटरवरचा माणूस हे दोन्ही भरून घेतल्याशिवाय मॅटर डिझायनरकडे देत नाही. हे दोन साधे रकाने म्हणजे या दुकानाची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, कारण इंग्रजीतलं कोडं ते मराठीच्या व्याकरणावर सोडवतात.

मराठीत मालक एक असला तर ‘मुलाचं’, अनेक असले तर ‘मुलांचं’. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यायचा, हा १९६२च्या शुद्धलेखन नियमांतला नियम आपण शाळेतच शिकलेलो असतो. इंग्रजीला अनुस्वार नाही. तिथे एक की अनेक हे खुणेच्या जागेवरून कळतं. ‘मुलाची खोली’ म्हणजे बॉय’स रूम, ‘मुलांचं वसतिगृह’ म्हणजे बॉयस’ हॉस्टेल. आपला अनुस्वार जे काम करतो तेच काम तिथे एसच्या मागे गेलेली खूण करते. त्यामुळे ज्याला मराठीत अनुस्वार कुठे द्यायचा हे कळतं, त्याला इंग्रजीतली खूण निम्मी आलेलीच असते.

खूण बसवायची कृती दुकानात भिंतीवर चिकटवलेली आहे आणि ती बिनचूक आहे. आधी मालकाचं नाम पूर्ण लिहायचं, एक असेल तर एकवचनात आणि अनेक असतील तर अनेकवचनात. ते लिहून झालं की त्याला हात लावायचा नाही. मग पुढे खूण. आता शेवटचं अक्षर पाहायचं. अनेकवचनाचा एस आधीच आला असेल तर थांबायचं, आला नसेल तर खुणेपुढे एस लावायचा. एवढंच. चुका होतात त्या हा क्रम उलटा केल्यामुळे. आधी एस दिसतो, मग त्याच्या अलीकडे की पलीकडे असा विचार सुरू होतो, आणि पेंटर जिथे जागा मोकळी दिसेल तिथे खूण टाकून मोकळा होतो.

या कृतीचा खरा फायदा एस न लागणाऱ्या अनेकवचनांत दिसतो. चिल्ड्रन, मेन, विमेन ही रूपं आधीच अनेकवचनी आहेत. म्हणून चिल्ड्रन’स क्लिनिक, मेन’स वेअर, विमेन’स हॉस्टेल. गावभर दिसणारं ‘मेनस’ वेअर’ किंवा ‘चिल्ड्रनस’ वॉर्ड’ चूक आहे, कारण मेनस आणि चिल्ड्रनस असे शब्दच इंग्रजीत नाहीत. गंमत पाहा, मराठीत वसतिगृहही ‘मुलांचं’ आणि बालरोगतज्ज्ञांचा दवाखानाही ‘मुलांचा’. अनुस्वार दोन्हीकडे सारखाच. इंग्रजीत मात्र एकीकडे बॉयस’, दुसरीकडे चिल्ड्रन’स. म्हणजे मराठीचा रकाना ‘अनेक’ एवढंच सांगतो, पुढचं शेवटचं अक्षर पाहूनच ठरतं. सातारा हा फौजी माणसांचा जिल्हा, त्यामुळे माजी सैनिकांच्या संस्थांच्या पाट्या इथे सतत बनतात. सर्व्हिसमेन हेही मेनचंच घराणं, म्हणून एक्स-सर्व्हिसमेन’स. दुकानाने हे पहिल्याच प्रुफात बरोबर दिलं.

लेडीस’ टेलर आणि जेंटस’ पार्लर यांतही खूण शेवटी येते. लेडी’स टेलर असं लिहिलं तर एकाच बाईचा शिंपी असा अर्थ होतो. या दोन पाट्यांवर खूण न देण्याची पद्धतही सगळीकडे रूढ आहे आणि तसं लिहिल्याने वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. चुकीच्या जागी देण्यापेक्षा न दिलेली बरी.

आम्ही एकूण १८ ओळींचं मॅटर दिलं. पहिल्या प्रुफात १४ बरोबर आल्या. काळाच्या ओळी सगळ्या नीट होत्या, आणि त्यांत भलेभले चुकतात. ‘एका महिन्याचं भाडं’ म्हणजे वन मंथ’स रेंट, ‘दोन आठवड्यांची नोटीस’ म्हणजे टू वीक्स’ नोटीस. इथेही अनुस्वार पाहिला की काम झालं. लॉजच्या पाटीवर ‘३ दिवसांचं पॅकेज’ टाकायचं असेल तर थ्री डेस’ पॅकेज चालतं, पण जोडरेषा देऊन थ्री-डे पॅकेज लिहिलं तर खुणेचा प्रश्नच उरत नाही. दुकानाने दोन्ही पर्याय दाखवले.

दोन भागीदारांचा दवाखाना असेल तर शिंदे अँड कदम’स क्लिनिक, एकच खूण आणि तीही शेवटच्या नावाला. मराठीत आपण ‘शिंदे आणि कदम यांचा दवाखाना’ म्हणतो, ‘चा’ एकदाच येतो, तसंच. दोघांचे दवाखाने वेगवेगळे असतील तर मात्र शिंदे’स अँड कदम’स क्लिनिक्स.

नावच एसने संपत असेल, जसं सुहास, तेजस, श्रीनिवास, तर दोन परंपरा आहेत. सुहास’स सलून हे शिकागोच्या शैलीपुस्तिकेप्रमाणे, सुहास’ सलून हे अमेरिकी वृत्तसंस्था एपीच्या शैलीप्रमाणे. दोन्ही बरोबर. लंडनमधल्या बागेचं नाव सेंट जेम्स’स पार्क आहे आणि न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानाचं सेंट जेम्स’ पार्क. आमचा कल पहिल्याकडे आहे, कारण बोलताना आपण तो जादा एस उच्चारतोच. काहीही घ्या, पण पाटी, लेटरहेड आणि शिक्का तिन्हींवर एकच ठेवा. दुकान हे आपणहून विचारतं आणि चिठ्ठीवर नोंदवून ठेवतं, त्यामुळे सहा महिन्यांनी बिलबुक छापायला गेलात तरी फरक पडत नाही.

आता चुकलेल्या चार ओळी. त्यांतल्या पहिल्या दोन चुकांचं मूळ एकच आहे. ‘एक की अनेक?’ हा दुसरा प्रश्न आहे, पहिला नव्हे. पहिला प्रश्न ‘इथे चा-ची-चे आहे का?’ हा असायला हवा, आणि तो या चिठ्ठीवर नाही.

पहिली चूक स्ट्रॉबेरीची. ‘फ्रेश स्ट्रॉबेरी’स’ अशी पाटी वाई-पाचगणीच्या रस्त्यावर हंगामात ठिकठिकाणी दिसते आणि प्रुफातही तीच आली. मराठीत आपण ‘ताज्या स्ट्रॉबेरी मिळतील’ म्हणतो. त्यात कुणाचं काही नाही, ‘चा-ची-चे’ नाही, म्हणून खूण नाही. हे नुसतं अनेकवचन आहे, शेवटचा वाय जाऊन आय-ई-एस येतो. ही चूक का होते तेही लक्षात घ्या. मराठीत स्ट्रॉबेरी एक असो वा दहा, शब्द तोच राहतो. मग एस जोडताना तो परका वाटतो आणि मध्ये कुंपण घालावंसं वाटतं. पिझ्झा, फोटो, व्हिडिओ, मोमो हे स्वरान्त शब्द याच कारणाने बळी पडतात. पिझ्झाला नुसता एस, फोटोला नुसता एस. सीडी, एलईडी अशा आद्याक्षरांनाही तसाच नुसता एस.

दुसरी चूक नेमप्लेटची. फाटकावर ‘द जाधव’स’ आलं. सगळं जाधव कुटुंब इथे राहतं एवढंच सांगायचं असेल तर ते साधं अनेकवचन आहे: द जाधवस, खूण नाही. ‘जाधवांचं घर’ असं म्हणायचं असेल तर जाधवस’ हाउस. जाधव’स हाउस म्हणजे एकट्या जाधवाचं घर. सागवानी पाटीवर सीएनसीने, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने, कोरलेली खूण नंतर बुजवता येत नाही, म्हणून नेमप्लेटचं प्रूफ सगळ्यांत जास्त वेळ लावून पाहा.

तिसरी चूक सर्वांत शिकण्यासारखी, आणि ती खास मराठी माणसाचीच आहे. ‘पाटील सरांचे क्लासेस’ या ओळीला प्रुफात ‘पाटील सरस’ क्लासेस’ आलं. चिठ्ठीवर मराठी बरोबर लिहिलेलं होतं, अनुस्वारही होता, काउंटरवर त्याला ‘अनेक’ धरलं. पण हा अनुस्वार मानाचा आहे. सर एकच आहेत, आदरार्थी बहुवचनामुळे ‘सरांचे’ झालं. इंग्रजीत मानासाठी बहुवचन करत नाहीत, म्हणून पाटील सर’स क्लासेस. डॉक्टरांचा दवाखाना, वकीलसाहेबांचं ऑफिस, गुरुजींची शिकवणी या सगळ्यांत हाच खड्डा आहे. म्हणून ‘एक की अनेक?’ विचारताना डोळ्यांसमोर माणसं मोजायला हवीत, नुसता अनुस्वार पाहून भागत नाही. डॉक्टर एकच बसतात की तिघं? तिघं बसत असतील तर डॉक्टरस’, एकच असतील तर डॉक्टर’स.

चौथी, ‘हॉटेल अँड इट’स गार्डन’. इथे मराठीत ‘त्याची बाग’, म्हणजे ‘ची’ आहे, तरी खूण नको. पुरुषवाचक सर्वनामांना ती कधीच लागत नाही. मराठीतही आपण ‘मीचा’, ‘तूचा’ म्हणत नाही, ‘माझा’, ‘तुझा’ ही तयार रूपं वापरतो. इंग्रजीतली इट्स, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स ही तशीच तयार रूपं आहेत. खुणेसह इट’स म्हणजे इट इज किंवा इट हॅज, दुसरं काही नाही.

चारही चुका दाखवल्यावर दुकानाने वाद न घालता दुसरं प्रूफ दिलं, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. पण दाखवल्या म्हणून दुरुस्त झाल्या. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्या पाटीवर त्या तशाच गेल्या असत्या. एक तारा याचाच कापला आहे.

समासाची ओळ दुकानाने कशी सोडवली ते सांगण्यासारखं आहे. ५ सप्टेंबरच्या बॅनरसाठी ‘शिक्षक दिन’ दिलं होतं. यात ‘चा’ दिसत नाही. डिझायनरने समास सोडवला, शिक्षकांचा दिन, आणि टीचरस’ डे दिलं. षष्ठी तत्पुरुष शाळेत कशासाठी शिकलो याचं उत्तर त्या एका ओळीत आहे. महिला दिन म्हणजे विमेन’स डे, बालदिन म्हणजे चिल्ड्रन’स डे. मातृदिनाला मात्र मदर’स डे असं एकवचन आहे. अमेरिकेत हा दिवस रुजवणाऱ्या ॲना जार्विस यांचा तसा आग्रहच होता, प्रत्येकाने आपापल्या एका आईचा मान करावा म्हणून, आणि १९१२मध्ये त्यांनी हे नाव एकवचनातच नोंदवलं. ‘शिक्षक कॉलनी’, ‘शेतकरी क्लब’ अशा नावांत इंग्रजीतही पहिलं नाम नुसतं विशेषणासारखं वापरता येतं, तिथे खूण नसली तरी चूक धरत नाहीत.

विशेषनामांच्या बाबतीत दुकान शिस्तीचं आहे. नोंदणी प्रमाणपत्राची किंवा जीएसटीच्या कागदाची प्रत मागतात आणि त्यावर जसं आहे तसंच ठेवतात. हे योग्यच आहे. नाव मालकाचं असतं, ते व्याकरणाने दुरुस्त करायचं नसतं. मॅकडोनाल्ड’स आणि डॉमिनो’सला खूण आहे, बार्कलेज बँकेला नाही, ब्रिटनच्या वॉटरस्टोन्स या पुस्तकदुकानांच्या साखळीने २०१२मध्ये आपल्या नावातली खूण काढून टाकली. आपल्या जिल्ह्यातच महाबळेश्वरला पाहा: आर्थर’स सीट, केट’स पॉइंट, एलिफंट’स हेड यांना खूण, पण विल्सन पॉइंट आणि लॉडविक पॉइंट यांना नाही. दोन्ही पद्धती इंग्रजीत चालतात, पहिल्यात ‘केटचा पॉइंट’, दुसऱ्यात नुसतं नाव पुढे जोडलेलं. टॅक्सीवाल्यांची दरपत्रकं आणि हॉटेलांचे नकाशे छापताना विल्सनला एस जोडायचा मोह होतो. या दुकानात तो झाला नाही. खुणेच्या एका जागेने इतिहास कसा बदलतो हे पाहायचं तर केंब्रिजचं क्वीनस’ कॉलेज दोन राण्यांच्या आश्रयाचं, म्हणून खूण शेवटी, आणि ऑक्सफर्डचं क्वीन’स कॉलेज एका राणीच्या नावाचं, म्हणून खूण आधी.

टायपिंगच्या बाजूला थोडं कच्चं काम दिसलं. मॅटर व्हॉट्सॲपवर घेतात, तिथून कॉपी करून कोरलड्रॉमध्ये टाकतात. फोनवरून आलेली खूण बहुतेक वेळा सरळ दांडीसारखी असते. पाटीवर ती फुटाच्या चिन्हासारखी दिसते. हवी ती वळणाची, नऊच्या इंग्रजी आकड्यासारखी, डोकं वर आणि शेपूट खाली डावीकडे. विंडोजमध्ये ऑल्ट दाबून धरून आकड्यांच्या पॅडवर ०१४६ टाकलं की ती मिळते. ०१४५ टाकलं तर उलटी, उघडणाऱ्या अवतरणाची येते. शब्दाच्या सुरुवातीला खूण आली, उदाहरणार्थ ’९०स, तर सॉफ्टवेअर तिला अवतरण समजून आपोआप उलटी करतं. एस्केपच्या खालच्या कीवरचं तिरकं चिन्ह तर अजिबात वापरू नये, ती ॲपॉस्ट्रॉफी नव्हेच. आणि मराठी-इंग्रजी एकत्र पाटी असेल तर इंग्रजी ओळ निवडून इंग्रजी फॉन्ट लावला आहे ना ते पाहा. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये त्याच कीवर भलतंच अक्षर बसवलेलं असू शकतं.

कापकामात मात्र दुकान उत्तम आहे. तीन इंची विनाइल अक्षरांत ही खूण जेमतेम पाऊण इंचाची होते आणि फालतू विनाइल सोलताना तीच पहिली निघून जाते. इथे सोलण्याआधी खुणेवर बोट दाबून धरतात आणि मग चिमट्याने भोवतालचं काढतात. ॲक्रिलिकच्या उठावदार अक्षरांत खूण हा स्वतंत्र तुकडा असतो. नुसत्या दुहेरी टेपवर लावला तर चिकटायला पृष्ठभाग अपुरा, उन्हा-पावसात पडतोच. महाबळेश्वरच्या पावसात तर एक हंगामही निघत नाही. हे लोक खुणेला मागून एक पिन लावून सिलिकॉन भरतात. अक्षरांचा दर उंचीच्या इंचावर आहे आणि खुणेला अक्षर धरत नाहीत, म्हणजे पैसे वाचवायला ती गाळायचं कारण उरत नाही.

अंतराकडेही लक्ष आहे. कॅपिटल एलची उजवी वरची बाजू रिकामी असते, त्यामुळे ‘पाटील’स’ मध्ये खूण लांब तरंगते आणि दुरून दोन शब्द वाटतात. तिथे ती आत ओढून घ्यावी लागते. टी किंवा वाय नंतर उलट, वरचा फाटा खुणेला टेकतो, म्हणून थोडी बाहेर सरकवावी लागते. खुणेचं डोकं कॅपिटलच्या माथ्याच्या ओळीत हवं. अर्ध्या उंचीवर आली तर ती स्वल्पविरामही दिसत नाही आणि ॲपॉस्ट्रॉफीही नाही.

जाताना मॅटर मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लिहून न्या, नोंदणीची प्रत सोबत ठेवा, आणि प्रूफ मोबाइलवर न पाहता ए-फोर कागदावर छापून मागा. ॲक्रिलिकची पाटी असेल तर खुणेचा एक जादा तुकडाही कापून घ्या. मागितला तर देतात, आणि तो पाटीच्या मागेच टेपने चिकटवून ठेवतात.